छोट्या कॉलेजात गाण्याचा ग्रुप गॅदरिंगपुरताच का राहतो?

उमरेडरोडची_मॅडम

नमस्कार मंडळी. मी नागपुरात उमरेड रोडच्या बाजूला एका छोट्या कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे यंदा आहे, पुढच्या वर्षीचं देवाला माहीत. जुने सर रिटायर झाले आणि स्टाफ मीटिंगमध्ये सांस्कृतिक विभागाचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं, तर आता तो विभाग माझ्याकडे आहे. कॉलेज जेमतेम चारशे पोरांचं, बी.ए. आणि बी.कॉम., निम्मी मुलं कुही, उमरेड, भिवापूरकडून एसटीनं येतात आणि शेवटच्या तासाला अर्ध्या वर्गाचं लक्ष घड्याळाकडे असतं.

प्रॉब्लेम असा की आमच्याकडे गाणं म्हणजे गॅदरिंग. जानेवारी आला की आठ-दहा दिवस धावपळ, दोन-तीन डान्स, काही सोलो, एक स्वागतगीत जे पाहुणे खुर्चीत बसेपर्यंत संपून गेलेलं असतं, मग डीजे, मग पेटी परत कपाटात. पेटीचा भाता उंदरानं कुरतडलाय हे मला कपाट उघडल्यावर कळलं. मला असा ग्रुप हवाय जो वर्षभर चालेल आणि मी उद्या नसले तरी चालेल. नोटीस लावली, 'गायनाची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत'. मोजकेच आले, त्यातले बरेचसे मोबाईलवर कराओके लावून तीच ती ब्रेकअपची गाणी म्हणणारे, एक मुलगी गांधर्वची मध्यमा, म्हणजे शास्त्रीय गाण्याची परीक्षा, झालेली, आणि एक जण सरळ म्हणाला मॅडम मला फक्त क्रेडिट पाहिजे. प्राचार्य म्हणतात करा, काही हरकत नाही, फोटो तेवढे जिओटॅगवाले काढा, नॅकला, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाला, लागतात.

तर निवड कशी करायची, सराव कधी घ्यायचा, शिकवणारं कोणी नसेल तर चालतं का आणि पोरं टिकवायची कशी, कोणी हे केलंय का?

तर्री_जास्त

मॅडम अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही एकत्रच स्वीकारा. आमच्या कॉलेजात सांस्कृतिक प्रमुख म्हणजे मंडपवाला, साउंडवाला आणि समोसेवाला यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस.

धागा वाचतोय, उत्तर माझ्याकडे काही नाही.

काळी_चार

मी कॉलेजात असताना तिन्ही वर्षं समूहगानात होते म्हणून जरा लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी स्पर्धेचं गणित समजून घ्या, कारण प्राचार्यांना तेच दाखवावं लागतं. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात सगळं भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांच्या धर्तीवर चालतं. भारतीय समूहगानाला गाणारे जास्तीत जास्त सहा, वाजवणारे तीन, वेळ दहा मिनिटं, स्टेजवर मांडामांड करायला चार मिनिटं वेगळी. दोन गाणी म्हणायची, एक देशभक्तीपर आणि एक लोकगीत. सिनेमातलं गाणं चालत नाही. हे शेवटचं वाक्य नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावा, कारण पोरं दरवर्षी येऊन विचारतात की मॅडम पिक्चरमधलं देशभक्तीपर चालेल का. नाही चालणार. सुगम गायन वेगळं, तिथं एकटा गातो, चार ते सहा मिनिटं, गीत, गझल, भजन, अभंग असं काहीही. विद्यापीठातून निवड झाली तर पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य आणि भारतीय विद्यापीठ संघाचा पश्चिम विभाग वगैरे, पण ते आत्ता डोक्यात घेऊ नका.

आता खरी अडचण. मुलं आणि मुली एकत्र गाणार म्हणजे पट्टीचं भांडण, पेटीच्या कोणत्या पट्टीला षड्ज (सा) धरायचा याचं. मुलांची साधारण काळी एक, पांढरी दोन. मुलींची काळी चार, पाच. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चारचा षड्ज, एवढं अंतर आहे. काळी एक धरली तर मुली खाली पुटपुटतात, काळी चार धरली की मुलांच्या मानेच्या शिरा दिसायला लागतात. आम्ही पांढरी तीन किंवा चार धरायचो आणि चाल वाटून घ्यायचो, जिथं मंद्रात उतरते तिथं फक्त मुलं, जिथं तार षड्जाच्या वर जाते तिथं फक्त मुली, मधला भाग सगळे. सगळ्यांनी सगळं म्हणायचं असा हट्ट सोडलात की अर्धा ग्रुप आपोआप सुरात येतो.

आणि हो, पट्टी ठरल्याशिवाय तबला विकत घेऊ नका. दुकानदार टिपेचा तबला गळ्यात मारतात, लहान तोंडाचा, काळी एकला मस्त लागतो. तोच पांढरी चारला उतरवायला गेलात तर नुसता भद्द वाजतो, गठ्ठे कितीही ठोका.

कराओके_काका

मॅडम मी रिटायर्ड आहे, आमचा कराओकेचा ग्रुप आहे, नागपुरात असे ग्रुप आता गल्लोगल्ली झालेत. माझं मत स्पष्ट आहे, पोरांना जे आवडतं ते गाऊ द्या. ट्रॅक लावा, माइक द्या, आपोआप गर्दी होते. शास्त्रीय-बिस्त्रीय म्हटलं की पोरं पळतात. स्पर्धेचे नियम स्पर्धेच्या वेळी बघता येतील.

काळी_चार

काका गर्दी होते हे मान्य, पण ती एकेकट्याची गर्दी असते, प्रत्येक जण आपला नंबर यायची वाट बघतो आणि आपलं झालं की चहाला जातो. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्हीच त्याच्या मागे धावता. समूहगानात शेजारच्याचं ऐकावं लागतं, ते ट्रॅकवर शिकता येत नाही. बाकी शुक्रवारी अर्धा तास कराओके ठेवला तर काही बिघडत नाही, पोरं आत यायला एक दार म्हणून चालेल.

कराओके_काका

दार म्हणा, खिडकी म्हणा, आत आली म्हणजे झालं. पुढचं तुम्ही शिकलेल्या लोकांनी बघावं.

ढोलकी_भंडारा

मॅडम, तुमची नोटीसच चुकली असं मले वाटते. राग मानू नका.

'गायनाची आवड' असं लिहिलं की पोट्ट्यांना वाटते टीव्हीवर असते तसं काहीतरी, ऑडिशन, जज, हार्मोनियमवर सरगम. ज्याच्या घरी रोज गाणं आहे तो त्याला गायन म्हणतच नाही. तुमचे निम्मे पोरं कुही-उमरेडचे ना? तिकडे गावोगावी तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ आहे, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरी भजन होते. भंडाऱ्याकडचे असतील तर दंडार नाहीतर खडी गंमत, म्हणजे गावचं लोकनाट्य, पाहिलेलं राहते, कोणाचा काका झाडीपट्टीच्या नाटकात काम करत असते, दिवाळीनंतर सीझन लागला की वडशाहून नाटकाच्या पार्ट्या निघतात, रात्रभर नाटक, गाणे स्टेजवरूनच लाइव्ह. असं घर असलेला पोट्टा तुमच्या बी.ए. फर्स्टला मागच्या बाकावर बसून असेल आणि तुमाले पत्ता नाही. नोटीस पाहून तो म्हणते हे आपलं काम नाही.

तुम्ही वर्गात जा आणि विचारा, कोणाच्या घरी भजनी मंडळ आहे? कोणाच्या गावात दंडार होते? कोणाचे वडील ढोलकी वाजवतात? पोळ्याच्या झडत्या कोणाले येतात? हे विचारलं की हात वर होतात, आणि ज्याचा होत नाही त्याच्याकडे शेजारचा बोट दाखवते.

मी असाच पकडल्या गेलो होतो. आमच्या सरांनी विचारलं होतं ट्रॅक्टरवर ताल कोण धरते.

तर्री_जास्त

ट्रॅक्टरवर ताल 😂 एकच नंबर भाऊ

उमरेडरोडची_मॅडम

@ढोलकी_भंडारा राग कसला, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच विचारते.

शिस्त_सदर

मला थोडं वेगळं वाटतं. कॉलेज हे उच्च शिक्षणाचं ठिकाण आहे. गावातलं आणि वस्तीतलं गाणं तिथंच शोभतं. कॉलेजात आणलं की हे गाणं ह्यांचं ते गाणं त्यांचं असे वाद सुरू होतात, मग पालक येतात, संघटना येतात. शास्त्रीय संगीताचा पाया घाला, एक चांगले गुरुजी बोलवा. आपलं नागपूर काही कमी नाही, वसंतराव देशपांडे इथंच शंकरराव सप्र्यांकडे शिकले.

इंदोऱ्याचा_पोट्टा

@शिस्त_सदर वसंतरावांचं नाव घेतलंत तर त्यांच्या गाण्यात काय काय मिसळलेलं होतं हेपण आठवा नं भाऊ, तो माणूस लावणीपासून ठुमरीपर्यंत कशालाच नाही म्हणत नव्हता.

आणि 'वस्तीतलं' म्हणजे काय ते सरळच बोलू. भीमगीत. १४ एप्रिलला, दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा, स्टेज टाकून रात्र रात्र गाणाऱ्या पार्ट्या आमच्या इकडे आहेत. त्यातली पोरं शाळेत असल्यापासून कोरसला उभी राहतात. माइक कसा धरायचा, ढोलकीवाल्याकडे नजर कधी टाकायची, अंतऱ्याच्या शेवटी लोकांचा हात वर कसा करवायचा, हे त्यांना कोणत्या परीक्षेत नाही शिकवलं. जलशांची परंपरा आहे ती, आंबेडकरी जलसे बाबासाहेबांच्या हयातीतच सुरू झाले होते, चळवळ गावोगावी नेली त्यांनी. तो पोट्टा कॉलेजात आला की गाण्याच्या लिस्टमध्ये नाव देत नाही. काहून? तुमच्यासारखं कोणीतरी तोंडावर म्हणून ठेवलेलं असते की ते गाणं तिकडेच.

वाद गाण्यानं नाही होत, एकाच्याच गाण्यानं होतो. एकाचं भजन घेतलं, दुसऱ्याचं भीमगीत घेतलं, ताजबागेच्या दर्ग्याकडच्या मुलाची कव्वाली घेतली आणि सगळ्यांनी सगळं म्हटलं तर कोणाच्या बापाची काय हिंमत आहे.

महालवाली

+१. शेवटचं वाक्य सोडून, म्हणजे तेही बरोबरच आहे.

शिस्त_सदर

माझा तसा हेतू नव्हता. मी पायाबद्दल बोलत होतो, आवाज लावणं, श्वास, ते सगळ्यांनाच लागतं.

काळी_चार

ते खरंय, पार्टीत गाणारी पोरं ओढून गातात आणि दोन गाण्यांत घसा बसतो. तिथं पाया लागतो. पण तो गाणं शिकवता शिकवता घालता येतो, आधी सहा महिने नुसते सरगमचे पलटे आणि मग गाणं असं केलंत तर सातव्या महिन्यात तुम्ही आणि पेटी दोघंच उराल.

नागपुरी_परदेशात

धागा बघून राहवलं नाही. मी धंतोलीचा, आता अमेरिकेत. इथल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांचे अकापेला ग्रुप असतात, वाद्यंच नाहीत, ड्रम पण तोंडानंच. येलचा व्हिफनपूफ्स हा १९०९ पासूनचा, दरवर्षी चौदा जण, त्यात मुलगी यायला २०१८ उजाडलं, म्हणजे जुनं सगळं चांगलंच असतं असं नाही. मला इथं काय आवडलं तर बहुतेक ग्रुपमध्ये मास्तर नसतो. पोरंच आपल्यातून एक संगीत बघणारा निवडतात आणि एक हिशेब-प्रवास बघणारा, गाण्याची मांडणी पोरंच लिहितात, शेवटच्या वर्षाची पोरं गेली की त्यांच्या वह्या खालच्यांकडे राहतात. मॅडम म्हणाल्या ना मी नसले तरी चाललं पाहिजे, त्याला हे लागेल.

पण यांची निवड भयानक असते, खूप जण येतात आणि मूठभर घेतात. चारशे पोरांच्या कॉलेजला ती चैन परवडायची नाही.

महालवाली

बरोबर बोललात. आमच्याकडे उलटी पद्धत होती, ग्रुप उघडा, कोणीही या, बेसूर असलात तरी टाळ धरा. स्पर्धेचे सहा त्यातूनच निघायचे आणि कोण निघणार हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं, कारण आठवडाभर एकमेकांचं ऐकलेलं असतं, ऑडिशनची नाटकं नाहीत. निवडलेल्या सहांना बाकीच्यांसमोर गाऊन दाखवावं लागायचं आणि बाकीचे बोलायचे, अरे तू समेच्या आधीच पोचतो. बाहेर बसलेला जास्त ऐकतो.

सरावाचं सांगते. संध्याकाळ विसरा. एसटीवाली पोरं थांबू शकत नाहीत आणि मुलींच्या घरून रोज फोन येणार कुठं आहेस. मधल्या सुट्टीला जोडून एक तास मागा, आठवड्यातून दोनदा, वार ठरलेला, कितीही कमी जण आले तरी तो तास होतो म्हणजे होतो. एकदा 'आज कमी आहेत उद्या बघू' म्हटलं की संपलं. हा तास लायब्ररीच्या भिंतीला लागून घेऊ नका, आमचे ग्रंथपाल चप्पल वाजवत यायचे.

आणि मुली आपणहून येत नसतील तर भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी भुलाबाईची गाणी धरा. आपल्या विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक मुलीनं लहानपणी म्हटलेली असतात, चाल सोपी, पट्टी मुलींचीच, शेवटी खिरापत ओळखायची. त्यात कोणी लाजत नाही. लोकगीताची तयारी फुकटात होऊन जाते, आणि खिरापतीला स्टाफरूम पण डोकावते.

बी_कॉम_द्वितीय

मी स्टुडंट आहे (मॅडमच्या कॉलेजचा नाही). क्रेडिटवाल्याला हसू नका प्लीज. नवीन शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट आहेत, त्यात एनएसएस, योगा, स्पोर्ट्स आणि सांस्कृतिक पण येतं. मी पण त्यासाठीच गेलो होतो, आता दोन वर्षं झाली मीच माइकच्या वायरी गुंडाळून राहिलो. मला गाता येत नाही पण साउंड कळतो. आमच्या ग्रुपमध्ये गाणाऱ्यांपेक्षा न गाणाऱ्यांमुळे काम चालतं.

आणि सहा जणांसाठी सहा माइक मागू नका. दोन चांगले घ्या, अर्धवर्तुळात उभे राहा, माइक तोंडापाशी नको छातीच्या उंचीला, ज्याचा आवाज मोठा तो एक पाऊल मागे. ढोलकीला माइक देऊच नका छोट्या हॉलमध्ये, आधीच सगळ्यांना खाऊन टाकते.

ढोलकी_भंडारा

शेवटच्या वाक्याचा निषेध.

उमरेडरोडची_मॅडम

अपडेट. विचारलं वर्गात, जसं सांगितलं तसंच. बी.ए. फर्स्टमध्ये आधी सगळे एकमेकांकडे बघून हसले, मग 'घरी भजनी मंडळ कोणाकडे आहे' म्हटल्यावर एकदम बरेच हात वर. एका मुलाकडे सगळ्यांनी बोट दाखवलं, तो खाली मान घालून बसलेला, वर्गात कधी तोंड उघडत नाही, हजेरीला पण फक्त हात करतो. म्हटलं उद्या खंजिरी घेऊन ये. तो घेऊन आला, शबनम पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळून. आधी व्हरांड्यात गेला, उन्हाचा तुकडा बघितला आणि खंजिरी कठड्यावर उभी करून ठेवली, म्हणाला मॅडम हवा दमट आहे, चामडं सैल पडलंय, पाच मिनिटं थांबा. मग एकदा अंगठ्यानं दाबून पाहिलं, कानाशी नेऊन बोटानं टकटक केलं, परत ठेवली. आम्ही सगळे उभे. आणि मग जे वाजवलंय त्यानं! एका हातानं खंजिरी, त्याच हाताची बोटं मागून चामडं दाबतायत म्हणजे आवाज वर-खाली होतोय, आणि गळा असा मोकळा की लायब्ररीतून मुलं बाहेर आली. आमच्या मध्यमावाल्या मुलीनं न विचारता मागून धरायला सुरुवात केली, पहिल्या ओळीला चाचपडली, दुसऱ्या कडव्यापासून बरोबर.

ती नंतर म्हणाली मॅडम हा काळी दोनला गातो आणि त्याला माहीतच नाही.

आता प्रश्न असा की खंजिरी भजन स्पर्धेत चालेल का? देशभक्तीपर गाण्याच्या जागी?

काळी_चार

कविता बघून ठरवा, पण माझ्या मते चालायला हवं. तुकडोजी महाराजांची भजनं नुसती देवाची नाहीतच, देश, गाव, श्रमदान, सगळं आहे त्यात, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेलेला माणूस आहे तो. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, २००५ पासून, आणि विद्यापीठाच्या कॉलेजात खंजिरी टॉवेलात गुंडाळून आणावी लागते, काय म्हणायचं. फक्त त्या वर्षीचं परिपत्रक नीट वाचा, साथीदार विद्यार्थीच हवेत की बाहेरचे चालतात तेही त्यात असतं.

समूहगान म्हणून बसवताना त्याला मधोमध उभं करा पण सगळं त्याच्यावर सोडू नका. एकानं म्हटलं आणि पाच जणांनी झेललं तर ते भजनी मंडळ झालं, परीक्षकाला सहा जणांचं काम दिसलं पाहिजे. धृपद सगळ्यांचं, पहिलं कडवं त्याचं, दुसरं मुलींचं वरच्या अंगानं, तिसऱ्यात दोन आवाज एकावर एक. आणि काळी दोन मुलींना खाली पडेल, त्याला हळूहळू पांढरी तीनपर्यंत आणा, तो येईल, ओढून गाऊ देऊ नका मात्र.

महालवाली

बसवताना पेटी पहिल्या दिवशी काढूच नका. (तशीही तुमची उंदरानं खाल्लीये.) मोबाईलवर तानपुरा लावा, सगळ्यांनी एक षड्ज आकारात धरायचा, पूर्ण श्वास संपेपर्यंत, मग एकेक ओळ. पेटी लावली की चुका तिच्या आवाजात लपतात आणि आपल्याला वाटतं छान चाललंय. मोबाईल मागच्या भिंतीपाशी खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड करा आणि सगळ्यांना ऐकवा. पहिल्यांदा ऐकताना जे चेहरे होतात ते बघण्यासारखे असतात.

शब्द प्रत्येकानं हातानं लिहून आणायचे. व्हॉट्सॲपवर टाकले की गाताना सगळे खाली बघतात.

इंदोऱ्याचा_पोट्टा

मॅडम लोकगीताचं काय ठरवलं? सगळेच्या सगळे कॉलेज कोळीगीत नाहीतर लावणी घेऊन येतात, नागपूरला समुद्र कुठंय बे, फुटाळा तलावावर होडी चालवणार का.

तर्री_जास्त

😂😂 फुटाळ्याचे कोळी

ढोलकी_भंडारा

महादेवाचे गाणे घ्या. पचमढीच्या यात्रेला जाताना म्हणतात ते, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना ढिगानं येतात. एक जण ओढते आणि बाकीचे झेलतात, चढणीवर चालताना म्हणायचं गाणं आहे म्हणून ठेका पायाचाच राहते. पोट्ट्यांना सांगा आजीकडून रेकॉर्ड करून आणा. पुस्तकातून घेऊ नका, पुस्तकात चाल नाही राहत. नाहीतर झडत्या, पण त्या ओरडून म्हणायच्या, त्याचं गाणं करायला डोकं लागेल.

२०११ ला गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीचे कॉलेज तिकडे गेले, आणि त्यांच्यासोबत असे गाणे घेऊन येणारे बरेच पोट्टे पण गेले. आता भंडारा-गोंदियावालेच उरले. म्हणून म्हणतो, तुम्ही आणाच.

नागपुरी_परदेशात

आजीकडून रेकॉर्ड करणं भारी आहे. ते रेकॉर्डिंग एका ठिकाणी जपून ठेवा, नाव-गाव-तारीख टाकून. पुढच्या वर्षीच्या मुलांना तीच वही. मॅडमच्या मोबाईलमध्ये नको मात्र, ग्रुपच्या ईमेलवर.

शिस्त_सदर

आजींची परवानगी पण घ्या. आणि मध्यमावाल्या मुलीला आवाजाच्या तयारीची जबाबदारी द्या, पंधरा मिनिटं, बाहेरचे गुरुजी बोलवायची गरज पडणार नाही. खंजिरीवाल्या मुलाला ताल द्या. दोघांनी एकमेकांना शिकवावं.

इंदोऱ्याचा_पोट्टा

आता बोललात भाऊ 🙏

उमरेडरोडची_मॅडम

बुधवार आणि शनिवार, मधल्या सुट्टीला जोडून, भूगोलाच्या नकाशांच्या खोलीत, असं ठरलंय. प्राचार्यांनी सही केली. खोलीत पोलादी कपाटं आहेत त्यामुळे आवाज घुमतो, पोरं खूश आहेत, मध्यमावाली नाही. शिस्त_सदर, तुमची आयडिया घेतली, पंधरा मिनिटं तिची. पहिल्याच दिवशी तिनं कराओकेवाल्यांना षड्ज धरायला लावला आणि त्यातला एक इतका सुरेल निघाला की सगळे गप्प, आणि तो क्रेडिटवाला गात नाही पण वही त्यानंच घेतलीये, कोण आलं कोण नाही, कोणाच्या आजीला काय येतं, सगळं लिहितो. फोटो पण तोच काढतो, जिओटॅग लावून.

भीमगीताच्या पार्टीतली एक मुलगी निघाली बी.कॉम.ला. तिची अट आहे की १४ एप्रिलच्या आधीचा आठवडा तिला सुट्टी. दिली.

आता दोन गोष्टी हव्यात. पेटीचा भाता बसवून देणारा चांगला माणूस कुठं मिळेल, बजेट फार नाही. आणि ढोलकी. नवीन घ्यावी की जुनी?

काळी_चार

भात्यासाठी इतवारीत विचारा, वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीवाले असतात. भाता बदलताना सूरपण तपासून घ्या, उंदीर आत गेला असेल तर आतल्या पितळी पट्ट्यांवर घाण बसलेली असते. आणि नवीन कपडा लावला की डांबरगोळ्या ठेवा कपाटात.

ढोलकी_भंडारा

ढोलकी घेऊ नका. माझ्याकडे एक पडून आहे, खोड शिसमाचं आहे, शाईची बाजू बदलावी लागेल फक्त. पुढच्या शनिवारी कामानं नागपुरात येतोच आहे, उमरेड रोड माझ्या रस्त्यात नाही पण येतो. त्या खंजिरीवाल्याले थांबवून ठेवा.

बी_कॉम_द्वितीय

@ढोलकी_भंडारा माइक नाही देणार हं

ढोलकी_भंडारा

नको देऊ बाप्पा, लागत बी नाही.